पाचव्या चाकावरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे बिचाऱ्या माणसाबद्दल वापरतात. सारख्या बदल्या होणारा कारकून, पागडीला पैसे नसलेला भाडेकरू, गावोगाव फिरणारा तमाशाचा फड, अशांच्याच वाट्याला ती यायची. अमेरिकेत गेल्यावर पाहिले, तो तिकडे ज्याच्या गाठीला चार पैसे अधिक आहेत तो मुद्दाम विंचू होतो! चांगल्या चार-पाच खोल्यांच्या घराला कुलूप ठोकायचे, आणि शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, माडीवरचा पलंग असे दुसरे घर गाडीमागे जोडून रानात मुक्कामाला जायचे, याला ते लोक सुट्टी म्हणतात.

डेन्व्हरजवळ राहणारा माझा पुतण्या नितीन हा त्यांतलाच एक. २०२४ च्या सप्टेंबरात मी आणि सौ. त्याच्याकडे गेलो, तेव्हा चहाचा कप हातात देतादेताच त्याने बेत जाहीर केला. "काका, या खेपेला हॉटेल नाही. आपलं घर घेऊन मोआबला जायचं." मोआब हे युटा राज्यातले लाल खडकांच्या कुशीतले गाव. डेन्व्हरहून सुमारे साडेतीनशे मैल, आणि मध्ये रॉकी पर्वताची भिंत. अंतराचे मला काही वाटले नाही. पण अंगणात उभे असलेले ते पांढरे धूड पाहिले आणि हे पर्वत ओलांडणार कसे, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

या घराच्या जातीला तिकडे 'फिफ्थ व्हील' म्हणतात, म्हणजे पाचवे चाक. आपल्याला पाचवे चाक म्हटले की स्टेपनी आठवते. हे तसे नव्हे. घोडागाडीच्या काळात चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवी लोखंडी चकती बसवीत. चार चाके उभी, हे पाचवे आडवे. मुंबईच्या व्हिक्टोरियात ज्यांनी हौसेने फेरफटका केला असेल त्यांच्या व्हिक्टोरियानेही वळण घेतले ते अशाच चकतीच्या जोरावर. घोडे गेले, मोटारी आल्या, पण चकती आणि तिचे नाव मागे राहिले. आता पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळजवळ माथ्यावर, एक जाड पोलादी थाळी बसवतात. तिला घोड्याच्या नालासारखी फट असते. बिऱ्हाडाचा पुढचा भाग उंच उचललेला असतो. त्याच्या पोटातून दोन इंच जाडीचा पोलादी खुंटा खाली येतो आणि त्या फटीत अडकून बसतो. एवढ्या खुंट्यावर पाच टनांचे घर वळते.

मोटारीमागे असे घर जोडण्याची कल्पना आजकालची नाही. विमानविद्येतला प्रसिद्ध पुरुष ग्लेन कर्टिस याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'एरोकार' नावाचे फिरते घर काढले, आणि त्याच्या जोडणीत विमानाचे हवा भरलेले चाक आडवे घातले. रस्त्याचा हादरा घरात पोचण्याआधी त्या चाकातल्या हवेने तो गिळावा, ही युक्ती. पाचवे चाक आणि हवा यांची सोयरीक इतकी जुनी आहे. आमच्या प्रवासातला सारा खल शेवटी या हवेपाशीच येऊन थांबला, म्हणून हे सांगितले.

झाले असे. निघण्याच्या आठवडाभर आधी नितीनने घर ट्रकला जोडले, आणि ट्रक मागे बसला. नाक आभाळाकडे, बूड जमिनीकडे. एखादा कुत्रा बसतो ना, तसा. नितीनचा बारा वर्षांचा मुलगा ईशान टेप घेऊन धावला. मागच्या मडगार्डची कड जमिनीपासून चाळीस इंच होती, ती सव्वासदतीसवर आली. पावणेतीन इंच! "म्हणूनच मागल्या सहलीत समोरचे सगळे मला दिवे मारत होते," नितीन म्हणाला. नाक वर झाल्यामुळे याच्या दिव्यांचा झोत समोरच्यांच्या डोळ्यांत जात होता. आणि प्रत्येक खड्ड्याला आसावरचा रबरी गुटखा दाणकन चेसीवर आपटत होता.

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना यातले शास्त्र वेगळे सांगायला नको. गाडीत माल मागे जास्त झाला की ती उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे जास्त झाला की बैलांची मान मोडते. भरणारा शहाणा असेल तर थोडेसे वजन मानेवर ठेवतो, कारण मानेवर काहीच नसेल तर गाडी डुलते. पाचव्या चाकाच्या घराचेही तेच. एकंदर वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, पंधरापासून पंचवीस टक्क्यांपर्यंत, त्या खुंट्यावर म्हणजे ट्रकच्या मानेवर यावा लागतो. आमचे घर सामानासह ११,२०० पौंडांचे, म्हणजे किलोत पाच हजारांच्या वर. त्यातले दोन हजारांहून जास्त पौंड ट्रकच्या मागच्या पाट्यांवर बसले होते. पाटे वाकणार नाहीत तर काय करतील? (पाटा म्हटल्यावर सौ.नी कान टवकारले. तिकडे ट्रकलाही पाटे असतात आणि वरवंटा नसतो, हे तिला समजावून द्यावे लागले.)

यावर बाजारात औषध आहे. आपल्याकडच्या मालट्रकांना मुख्य पाट्यांच्या जोडीला हेल्पर पाटे असतात, तसे तिकडे हेल्पर स्प्रिंगांचे चार प्रकार मिळतात. त्यांतला हवेचा प्रकार सगळ्यांत लोकप्रिय. आस आणि चेसी यांच्यामध्ये, डाव्या-उजव्या बाजूला एकेक, जाड रबराची पिशवी बसवायची. दोन मेदुवडे एकावर एक ठेवल्यासारखा तिचा आकार असतो. आत टायरसारखे धाग्यांचे पदर. हवा भरली की पिशवी फुगते आणि ट्रकचे बूड वर उचलते. मुंबई-पुण्याच्या व्होल्व्हो शिवनेरीत बसून ज्यांनी घाटात वर्तमानपत्र वाचले असेल त्यांनी हवेच्या स्प्रिंगेचे सुख घेतलेलेच आहे. फरक इतकाच, की तिथे सारी बस हवेवर असते. इथे मूळ पाटे तसेच राहतात आणि हवा त्यांची मदतनीस होते.

नितीन, ईशान आणि मी दुकानात गेलो. मेधा, आमची सूनबाई, हीही बरोबर आली. दुकानदार मोठा हसतमुख. त्याने ट्रककडे एक नजर टाकली आणि एक खोके काउंटरवर ठेवले. "पाच हजार पौंडांच्या पिशव्या आहेत. बसवा आणि विसरून जा!" नितीनचा हात खिशाकडे गेला. पण मेधा औषधाच्या दुकानात काम करते. बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय ती साधी क्रोसीनची गोळीही कुणाला देत नाही. तिने विचारले, "पाच हजार पौंड म्हणजे काय? ट्रक पाच हजार पौंड जास्त वाहील असं?" दुकानदार म्हणाला, "पिशवी उचलेल." मेधा म्हणाली, "मी ट्रकचं विचारते आहे."

मग तिने ट्रकचे दार उघडले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हलक्या गाडीच्या चालकाच्या दाराच्या चौकटीत एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, असे तिच्यावर स्पष्ट लिहिलेले असते. आमच्या ट्रकचा आकडा होता २,९००. खुंट्यावरचे वजन हे सामानातच मोजायचे, आणि चालकही माणसांतच मोजायचा. शेजारच्या दुसऱ्या चिठ्ठीवर ट्रकचे भरून होणारे कमाल वजन, १०,००० पौंड, आणि मागच्या आसाचे, ६,२०० पौंड. नितीनने हे आकडे कधी वाचले नव्हते असे नाही. पण वाचणे आणि बेरीज करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बेरीज करायला भुईकाटा हवा. ऊस घेऊन जाणारे लोक साखर कारखान्याच्या दारात गाडी काट्यावर घालतात, तसे काटे अमेरिकेत हमरस्त्यांवरच्या ट्रक थांब्यांवर असतात. १९७७ पासून चालू असलेले 'कॅट' नावाचे काटे तर देशभर पसरले आहेत. एकामागे एक अशा पोलादी फळ्या जमिनीत बसवलेल्या. पहिलीवर ट्रकची पुढची चाके, दुसरीवर मागची, तिसरीवर घराची. बटण दाबायचे, आतून बाई "झाले" म्हणते, आणि थोड्या पैशात छापील पावती हाती पडते. आम्ही सगळे बिऱ्हाड जोडून, टाकीत पेट्रोल भरून, पाचही माणसे जागच्या जागी बसून काट्यावर गेलो. मला स्वतःचे वजन इतक्या समारंभाने करून घेण्याचा योग पूर्वी आला नव्हता.

पावतीवर आले ते असे: पुढचा आस ४,५६०, मागचा ५,८३०, घराची चाके ८,८२०. मागचा आस मर्यादेच्या आत होता. नितीनचा चेहरा खुलला. मेधाने मात्र पहिले दोन आकडे मिळवले: १०,३९०. ट्रक ३९० पौंडांनी जास्त भरला होता.

आता या ठिकाणी बहुतेक लोक काय करतात? पिशव्या बसवतात. ट्रक सपाट होतो, दिवे खाली येतात, गुटखा आपटायचा थांबतो, आणि वाटते की प्रश्न सुटला. पण पिशवीने ट्रकचे बूड उचलले, वजन उचलले नाही. ते वजन पूर्वीइतकेच आसावर, चाकांच्या बेअरिंगांवर, टायरांवर आणि मुख्य म्हणजे ब्रेकांवर राहते. माणूस पाठीला पट्टा बांधून ताठ उभा राहिला म्हणून त्याच्या गुडघ्यांवरचे ओझे कमी होत नाही. उलट बसलेला ट्रक निदान बोंब तरी मारतो, "मला झेपत नाही!" पिशवी बसवली की ती बोंबही बंद. हे माझे पदरचे नाही. १९४९ साली मिशिगनमधल्या लान्सिंगला सुरू झालेली एअर लिफ्ट आणि टायरवाली फायरस्टोन, या दोन्ही कंपन्या आपल्याच पिशव्यांबरोबरच्या कागदात बजावतात की ट्रक बनवणाऱ्याने घालून दिलेली मर्यादा यामुळे वाढत नाही. मोठा आकडा खोक्याच्या तोंडावर असतो, आणि ही सूचना आतल्या बारीक टायपात.

तर मग ३९० पौंड काढायचे कोठून? त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जी चर्चा झाली ती एखाद्या अंदाजपत्रकाच्या अधिवेशनाला शोभली असती. हौद्यातला जनरेटर आणि पेट्रोलचा डबा, १२० पौंड: मोआबच्या तळावर वीज मिळणार होती, तेव्हा तो घरी राहिला. घराच्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे नेमक्या खुंट्याच्या मागे, नितीनने हत्यारांच्या पेट्या, जाड साखळ्या आणि लाकडी ठोकळे भरले होते. त्यांतले काही घराच्या चाकांवरच्या फडताळात हलवले. तेवढ्याने खुंट्यावरचे वजन २,३८० वरून २,२५० वर आले, घर उलाळ न होता. पण तरी १४० पौंड राहिले, आणि आता सामान संपून माणसेच उरली.

नितीन गप्प बसला. त्याची हौस अशी, की आम्ही दोघे म्हातारे पहिल्यांदाच आलो आहोत तर सगळ्यांनी एका गाडीत, गप्पा मारत, एका खिडकीतून पर्वत पाहत जायचे. त्यासाठी तर त्याने मोठ्या केबिनचा ट्रक घेतला होता. "दोनच माणसांचा प्रश्न आहे," तो पुटपुटला, "इतकं काय बिघडतं? सगळेच नेतात." मेधा शांतपणे म्हणाली, "बोगद्यानंतरचा उतार मी पाहिलाय. मी माझी गाडी काढते. काकूंना घेऊन मागून येते." सौ.ला वाईट वाटेल असे मला वाटले होते. ती लगेच म्हणाली, "बरं झालं. तुमच्या त्या पाट्या-पिशव्यांच्या गोष्टी दोन दिवस ऐकायला नकोत."

अशी दोन माणसे कमी झाली; ट्रक ९,८९० वर आला. आणि मग, त्यानंतर, पिशव्यांची निवड करायला आम्ही पुन्हा दुकानात गेलो. क्रम हाच बरोबर, असे माझे ठाम मत झाले आहे. आधी काटा, मग पिशवी.

कारण मर्यादेत आला तरी ट्रक मागे बसतच होता. मूळ पाटे रिकामेपणी अंग अवघडू नये अशा बेताचे मऊ असतात. यावर जादा पाटा घालता येतो. तो स्वस्त आणि मजबूत, पण कायमचा. रिकामा ट्रक मग खडीच्या रस्त्यावरच्या छकड्यासारखा उडतो. तयार गुंडाळी स्प्रिंगही मिळते, तीही कायमचीच. पोकळ भरीव रबराचे ठोकळे मिळतात. त्यांना देखभाल नको, हवा नको, गळती नको, ओझे आले की तेवढ्यापुरते टेकतात. जो माणूस रोज सारखेच ओझे वाहतो त्याने खुशाल हे घ्यावेत. नितीन वर्षातून सहा-सात वेळा घर ओढतो, आणि बाकीचे दिवस याच ट्रकने एकटा कामावर जातो. त्याच्यासाठी हवा चांगली. घर सोडले की हवाही सोडायची, फक्त पाच पौंड दाब ठेवायचा. अगदी रिकामी पिशवी घड्या पडून चिमटते आणि फाटते.

हवेच्या पिशव्यांतही तऱ्हा आहेत. काहींच्या आत रबरी गुटखा असतो. वाटेत हवा गेली तर ट्रक एकदम कोसळत नाही, त्या गुटख्यावर टेकून मुक्कामाला पोचतो. दुर्गम मुलखात फिरणाऱ्याने हीच घ्यावी. नितीनने तीच घेतली. दुसरा मुद्दा नळ्यांचा. दोन्ही पिशव्यांना एकच नळी जोडली तर काम सोपे होते खरे, पण वळणावर ट्रक एका अंगाला कलला की त्या बाजूच्या पिशवीतली हवा दुसरीत पळते, आणि जिथे टेका हवा तिथेच तो नाहीसा होतो. दोन पिशव्यांना दोन स्वतंत्र नळ्या ठेवल्या की असे होत नाही. शिवाय एका बाजूला सामान जास्त असेल तर तेवढीच बाजू फुगवता येते. वजन कळसाला असलेले हे उंच घर घाटातल्या वाऱ्यात हेलकावे खाते, तेव्हा हा फरक फार मोलाचा.

कॉम्प्रेसरवरून मात्र बापलेक एका बाजूला आणि सूनबाई दुसऱ्या बाजूला असा सामना झाला. केबिनमध्ये बसून बटण दाबायचे आणि ट्रक वर-खाली करायचा, हे कुठल्या पुरुषाला आवडणार नाही? पण ओझे दर खेपेला तेच असेल तर दाबही तोच लागतो. एकदा भरला की झाले. रोज वेगवेगळा माल वाहणाऱ्याला कॉम्प्रेसर उपयोगी; आमच्यासारख्याला सायकलच्या टायरसारखी दोन वाल्वची तोंडे मागच्या नंबरपाटीजवळ पुरेत. शेवटी तेच ठरले, आणि वाचलेल्या पैशातून मेधाने टायरमधली हवा केबिनमध्ये दाखवणारे यंत्र घेतले. हा सौदा मला पटला.

पिशव्या नितीनने घरच्या अंगणातच बसवल्या. त्यात अवघड काही नाही, पण घाई नको. धुराड्याची नळी पिशवीच्या जवळून जात असेल तर मध्ये उष्णता अडवणारा पत्रा घालावाच लागतो; ब्रेकची नळी कुठे घासत नाही ना, ते हाताने चाचपून पाहावे लागते. हवा भरल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी. आणि पहिल्या पाचशे मैलांनंतर सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळायचे. मग घर जोडले आणि ईशान टेप घेऊन बसला. वीस पौंड, तीस, चाळीस... पंचेचाळीस पौंडांना मडगार्डची कड एकोणचाळीस इंचांवर आली. नितीनला आणखी एक इंच हवा होता, रिकाम्या ट्रकइतका. पण रिकामा पिकअप मुळात मागे उंचच बनवलेला असतो, ओझ्याने तो सपाट व्हावा म्हणून. पूर्ण उचलला तर मूळ पाटे आळशी होतात, सारा भार हवेवर येतो, आणि घराचे नाकही वर होते. मी गवंड्याची पाणसळ मागितली. घराच्या उंबऱ्यावर ठेवली. बुडबुडा मधोमध. तिथेच थांबलो.

निघालो त्या दिवशी आकाश निवळशंख होते. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून जेमतेम शंभरेक फूट खाली! जिथे आपला महाराष्ट्र संपतो, उंचीने, तिथे यांचा बाजार भरतो. आय-७० हा हमरस्ता तिथून जो चढू लागतो तो आयसेनहॉवर बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी ११,१५८ फुटांवर पोचतो. आपला बोरघाट चढून लोणावळ्याला आलो की दोन हजार फूट झाले म्हणून आपण चिक्की खातो. हे तसले तीन घाट एकावर एक.

बोगद्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन ईशानने काट्याने पिशव्यांचा दाब पाहिला. माझा तर्क होता की वर हवा विरळ, म्हणजे पिशवी जास्त फुगणार. नितीन म्हणाला थंडीने आतली हवा आकसणार. काटा पंचेचाळीसच्या आसपासच होता. एकाने वाढवले ते दुसऱ्याने फेडले. आम्ही दोघेही जिंकलो.

पश्चिमेकडे जाणारा हा बोगदा १९७३ साली खुला झाला. परतीचा, जॉन्सन नावाचा, १९७९ साली. लांबी पावणेदोन मैलांच्या आसपास. डोक्यावर अमेरिकेची जलविभाजक रेषा: पूर्वेला पडलेला थेंब अटलांटिकच्या वाटेने, पश्चिमेचा पॅसिफिकच्या. बाहेर पडताच उतार सुरू होतो, शंभर फुटांना सात फूट, मैलोगणती. रस्त्याकडेला पाट्या येऊ लागल्या: ट्रकवाल्यांनो, अजून संपलेले नाही. आणि मग वाळू-खडीचे चढते फाटे, ब्रेक निकामी झालेल्या ट्रकने शिरून रुतून थांबावे म्हणून केलेले. त्यांतल्या एका फाट्यावर खोल ताज्या चाकोऱ्या उमटलेल्या दिसल्या. नितीनने गिअर खालचा टाकला, इंजिन घुमू लागले. मधूनमधून तो ब्रेक थोडा दाबी आणि सोडून देई; धरून ठेवीत नसे. मागे पाच टनांचे घर, शेजारी बारा वर्षांचा मुलगा. कुणीच बोलत नव्हते. आरशात मेधाची निळी गाडी दिसत होती, अंतर राखून. खाली डिलनचे तळे दिसले तेव्हा नितीन म्हणाला, "काका, आणखी चारशे पौंड असते तर?" आणि त्याने स्वतःच मान हलवली. ईशान म्हणाला, "बाबा, ट्रक सपाट तर तेव्हाही दिसला असता."

व्हेल पासच्या उतरणीला अॅस्पेनची झाडे पिवळी धमक झाली होती. दसऱ्याला आपट्याऐवजी ही पाने वाटली तर कुणाला खोटे सोने वाटणार नाही. पुढे ग्लेनवुड कॅनियन. उभ्या कड्यांमधून कोलोरॅडो नदी वाहते, पलीकडच्या काठाने रेल्वे, आणि अलीकडून हमरस्ता, कधी एकावर एक असे दोन मजले करून, कधी खांबांवर. बारा-तेरा मैलांच्या या तुकड्यावर चाळीस पूल आहेत. तो १९९२ साली पुरा झाला. डोंगराला कमीत कमी हात लावून रस्ता कसा न्यावा याचा हा नमुना आहे. पुलांच्या सांध्यांवरून जाताना पूर्वी जो दाणकन आवाज व्हायचा म्हणे, तो आता होत नव्हता. एक मऊ हुंकार येई, बस्स. इथे मात्र पिशव्यांची कमाई मान्य केली पाहिजे.

रात्री फ्रुटा गावी, नदीकाठच्या सरकारी उद्यानात मुक्काम केला. मेधा आणि सौ. आमच्या आधी येऊन पोचल्या होत्या. सौ.नी दिवसभरात सूनबाईचे सारे माहेर पाठ केले होते. माडीवरच्या पलंगावर चढायला तीन पायऱ्या. त्या पलंगाच्या बरोबर खाली तो खुंटा. कुशीवर वळलो की खाली पाटे कुरकुरत. पहाटे चांगलीच थंडी पडली आणि पिशव्यांचा दाब तीनेक पौंड उतरलेला निघाला. ईशानने सायकलचा पंप काढला आणि थंडीत वाफा सोडत भरून टाकला. कॉम्प्रेसरची आठवण कुणी काढली नाही.

दुपारी क्रेसेंट जंक्शनवरून दक्षिणेला वळून मोआबला पोचलो. विटकरी, गेरूच्या, गुलालाच्या रंगाचे कडे, आणि त्यांच्यापलीकडे ला साल पर्वताची निळी शिखरे. घर तळावर सोडले, पिशव्यांतली हवा पाच पौंडांवर आणली, आणि पाचही जण ट्रकमध्ये बसून 'आर्चेस' राष्ट्रीय उद्यानात गेलो. आता कुणाची हरकत नव्हती. मानेवरचे ओझे उतरले होते. नितीनचा एका खिडकीतून पाहण्याचा हट्ट असा तिथे पुरा झाला.

या उद्यानात दगडाच्या दोन हजारांवर नैसर्गिक कमानी आहेत. त्यांतली लँडस्केप आर्च ३०६ फूट लांब आणि इतकी सडपातळ, की तिच्याखाली बोलायची भीती वाटावी. १९९१ साली तिच्या पोटातून साठ फुटांचा पापुद्रा खाली आला, तेव्हापासून तिच्याखालची पायवाट बंद आहे. आम्ही दुरूनच पाहिली. संध्याकाळी 'बॅलन्स्ड रॉक'पाशी आलो. मऊ दगडाच्या सुळक्यावर एक प्रचंड धोंडा कसाबसा तोललेला. धोंडाच पंचावन्न फूट उंच, सगळे मिळून १२८ फूट. वजन साडेतीन हजार टन, असे सांगतात. शेजारी तसलाच एक लहान धोंडा होता, तो १९७५-७६ च्या हिवाळ्यात पडला. खालचा खडक झिजतोच आहे.

ईशानने मान वर करून बराच वेळ तिकडे पाहिले. मग सुळक्याभोवती एक फेरी मारून आला आणि आईला म्हणाला, "आई, याच्या दाराला चिठ्ठी कुठे आहे?"

परतताना आम्ही घराची पाण्याची टाकी मोआबलाच रिकामी केली. एका गॅलनला आठ पौंडांवर वजन असते, आणि डेन्व्हरला नळ आहेत. सौ. पुन्हा मेधाच्या गाडीत बसली. मी ट्रकमध्ये. ईशानने टेप काढली, मडगार्डची कड मोजली आणि ओरडला, "एकोणचाळीस!"